डोक्यातल्या डोक्यात

४ ऑगस्ट

प्रिय मामा,

आधीच सांगते, मी ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे आणि घरात कोणाला काही झालेलं नाही. मागच्या वेळी मी ‘एक सांगायचं होतं’ अशी सुरुवात केली, तर तू पुढची ओळ न वाचताच बॅग भरायला घेतली होतीस. म्हणून ही खबरदारी.

तर, मी डॉक्टरकडे गेले होते. डोक्याच्या. निमित्त नळाचं झालं.

मोरीतला नळ गळत होता आणि प्लंबरला फोन करायचा होता. त्याची मी दोन दिवस तयारी केली. तो ‘हॅलो’ म्हणणार, मी नाव सांगणार, तो ‘कुठला नळ’ विचारणार, मी ‘मोरीतला’ म्हणणार, तो ‘उद्या येतो’ म्हणणार. पाठ अगदी चोख. फोन लावला, तर उचलला त्याच्या बायकोने. बायको माझ्या नाटकात नव्हतीच! मी फोन ठेवून दिला. तिने उलटा फोन केला, तो मी उचलला नाही. नळ महिनाभर गळला. खाली बादली लावून मी रोज त्या माउलीशी मनात भांडत होते, की तू कशाला मधे आलीस. हे मी ऑफिसातल्या मैत्रिणीला विनोद म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “एकदा कोणाला तरी दाखव.”

दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा बोलावून, खूप प्रश्न विचारून सांगितलं की मला ऑटिझम आहे. दचकू नकोस. हा आजार नाही आणि याला गोळी नाही. मेंदूची घडणच जरा निराळी. न्यूरोडायव्हर्स असा भारदस्त शब्द आहे त्याला. म्हणजे लोकांना जे बोलणं आपोआप येतं ते मला आधी पाठ करावं लागतं, आणि बोलून झालं की नंतर तपासावं लागतं. आमच्या नकाशांच्या कचेरीतून एकजण नोकरी सोडून गेला, त्याला निरोप देताना मी ‘बरं झालं’ म्हणाले. मला म्हणायचं होतं की त्याला चांगली नोकरी मिळाली ते बरं झालं. तो गेला त्याला दोन वर्षं झाली. मी अजून त्या दारात उभी आहे आणि ते वाक्य दुरुस्त करतेय.

आईला सांगितलेलं नाही. कसं सांगायचं याच्या चार प्रती डोक्यात तयार आहेत आणि चारही प्रतींत शेवटी आई रडते. तुला सांगतेय, कारण तू लगेच फोन करणार नाहीस. हे मी कौतुकाने म्हणतेय.

तुझी,
घुमी


११ ऑगस्ट

प्रिय घुमे,

पत्र उभ्यानेच वाचलं, कारण खुर्चीवर साचे वाळत होते.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि विचार, की यात निराळं ते काय? अगं, हे तर सगळेच करतात! मी दाढीचं ब्लेड आणायला निघतो तेव्हा कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून म्हणायला लागतो, ‘एक पाकीट द्या, एक पाकीट द्या.’ दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर पाठ बिघडू नये म्हणून एक चक्कर मारून येतो. याला शिष्टाचार म्हणतात. तसंच नंतरचं. शाळेत एका पोराने माझ्या कानांवरून मला सगळ्यांसमोर चिडवलं होतं. त्याला मी आजवर आंघोळ करताना हजारदा गप्प केलं आहे. त्या वेळी केलं नाही हे खरं, पण नंतर इतक्या वेळा केलं की आता मला त्याची दया येते.

आणि फोनचं म्हणशील, तर फोन हा प्रकारच असभ्य. समोरचा मधेच बोलतो. पत्रात कसं, तू बोलत होतीस तेव्हा मी गप्प होतो, आता मी बोलतोय तर तू गप्प आहेस. एवढी साधी शिस्त जगाला जमत नाही, आणि तपासायला नेतात कोणाला, तर तुला!

आईला सांगायची घाई नको. ताईचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

इकडे ठीक. खाली दवाखाना, वर आमची लॅब. डॉक्टर खाली दात काढतात, मी आणि पॉलिशवाला वर कवळ्या बनवतो. दिवसभर पन्नास तोंडं माझ्यासमोर टेबलावर असतात आणि एकही बोलत नाही. अशी नोकरी नशिबाने मिळते.

खालच्या काउंटरवरच्या बाई पुढच्या महिन्यात जाणार. जबड्यांचे ठसे वर आणून देतात त्या, आठ वर्षं माझ्याबरोबर जिन्याच्या मधल्या पायरीवर डबा खातात त्याच. यजमान गेल्यापासून एकट्या आहेत. दहा तारखेला लांब बहिणीकडे निघाल्या, कायमच्या. मी त्यांना विचारलेलं आहे. जिन्यातच विचारलं. अजून उत्तर नाही. काही माणसं वेळ घेतात, आणि मी घाई करणाऱ्यांतला नाही. पण मनाला लागलं आहे, खोटं कशाला बोलू? आपण एवढं विचारावं आणि समोरच्याने रोज ठसे ठेवून नुसतं ‘आज ऊन फार आहे’ म्हणावं, हे काही बरं नव्हे.

तब्येतीला जप. नळ झाला का?

तुझा,
मामा


१६ ऑगस्ट

मामा!

काय विचारलंस? कोणी मुलगी डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आली, तिला उत्तर लिहिताना तू कवळ्या आणि नळ यांच्या मधे असं काहीतरी सरकवून देतोस? तू त्यांना लग्नाचं विचारलंस? तू? ज्याने ब्लेडसाठी चक्कर मारली? मी पत्र घेऊन घरभर फिरले. मला इतका आनंद झाला की थोडी भीतीच वाटली. सगळं नीट लिही. कुठे होतात, तू काय म्हणालास, त्या काय म्हणाल्या. शब्दन् शब्द.

आणि ‘हे तर सगळेच करतात’ याबद्दल. मामा, मलाही सत्तावीस वर्षं असंच वाटत होतं. एक काम कर. तुझ्या आसपासच्या दोन-तीन माणसांना विचार, की दुकानात जाताना तुम्ही मनात काय म्हणत जाता. मी माझ्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, “काही नाही गं, गाणंबिणं म्हणते.” गाणं! दुकानात शिरायच्या आधी!

नळ झाला. मैत्रिणीने फोन केला.

घुमी


२२ ऑगस्ट

प्रिय घुमे,

तुझ्या हट्टापायी चौकशी केली. पॉलिशवाल्याला कसं विचारायचं ते ठरवण्यात दोन दिवस गेले, म्हणून उशीर.

मी म्हणालो, “ब्लेड आणायला जाताना तुझ्या डोक्यात काय असतं?”

तो म्हणाला, “ब्लेड.”

मी म्हटलं, दुकानदाराशी काय बोलायचं ते ठरवत नाहीस? तो म्हणाला, “त्याच्याशी काय बोलायचंय? ब्लेड द्या म्हणायचं.” मग त्याने मशीन बंद करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला पाणी आणून दिलं. त्यानंतर मी खाली डॉक्टरांना गाठलं. दोन पेशंटांच्या मधे भिंतीकडे बघत उभे असतात, तेव्हा काय चाललेलं असतं असं विचारलं. ते म्हणाले, “काही नाही. तेवढाच आराम.”

काही नाही! घुमे, डोक्यात काही नसणं अशीही एक सोय असते, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मी बावन्न वर्षं समजत होतो की सगळ्यांच्या आत हीच कचेरी चालू आहे, फक्त ते माझ्यापेक्षा भराभर काम उरकतात. मला डॉक्टरांचा इतका हेवा वाटला की काय सांगू. तुझ्या डॉक्टरीणबाईंबद्दल जे लिहिलं ते परत घेतो. निम्मं तरी.

आता बाईंचं. त्या दिवशी दवाखान्यात पेशंट नव्हता. त्या काउंटरवरच्या फुलदाणीतलं पाणी बदलत होत्या. मी खाली गेलो आणि म्हणालो, “बाई, आपण आठ वर्षं एका पायरीवर जेवतो आहोत. उरलेलं आयुष्य एका टेबलावर जेवायला आपली काही हरकत आहे का?” हे वाक्य बसवायला मला तीन महिने लागले होते. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “आपल्या प्रस्तावाचा मी सहानुभूतीने विचार करीन. मात्र मला थोडा अवधी लागेल.” मी ताबडतोब म्हणालो, “अवश्य घ्या. कवळीसुद्धा पहिल्या दिवशी बसत नाही.” त्या खळखळून हसल्या. बस्स, इतकंच. आणि त्यानंतर आजपर्यंत अवाक्षर नाही. मीही मानी माणूस आहे. हल्ली डबा वरच खातो.

हो, त्याच्या आधी एकदा त्या म्हणाल्या होत्या, “इथे माझं असं आहे तरी कोण?” मी सगळी माणसं मोजून दाखवली. डॉक्टर, मी, पॉलिशवाला, आणि शनिवारी फरशी पुसायला येतात त्या मावशी. त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. कोणीतरी राहून गेलं असावं.

तुझा,
मामा


२६ ऑगस्ट

प्रिय मामा,

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं. पहिल्या चारांत तू माझ्याशी बोलणं सोडलंस. पाचवं हे.

आधी सोपं. ‘इथे माझं असं आहे तरी कोण’ हा मोजणीचा प्रश्न नव्हता. हसू नकोस, मलाही मैत्रिणीला विचारावं लागलं. माझं उत्तर होतं की पॉलिशवाला धरायला नको होता. मैत्रिणीने कपाळावर हात मारला. तिचं म्हणणं, त्यांना एकच माणूस ऐकायचा होता आणि तू त्याला डॉक्टर आणि पॉलिशवाल्याच्या मधे बसवलंस.

आता अवघड. पहिल्या पत्रात तू लिहिलंस की जिन्यात विचारलं. दुसऱ्या पत्रात तू काउंटरपाशी आहेस आणि मधे फुलदाणी आहे. आणि मामा, ‘आपल्या प्रस्तावाचा मी सहानुभूतीने विचार करीन’ असं कोण बोलतं? आठ वर्षं तू मला त्या बाईंचं बोलणं सांगत आलायस. त्या ‘अय्या, काय हो तुम्ही’ म्हणतात, ‘चला, भूक लागली’ म्हणतात. सहानुभूतीने विचार करणारा एकच माणूस आपल्या ओळखीचा आहे, आणि तो कवळ्या बनवतो.

मला कसं सुचलं ते सांगते. मला ऑफिसात खिडकीजवळची जागा हवी होती. साहेबांना कसं विचारायचं याची आठवडाभर तालीम केली, आणि तालमीत ते दर वेळी नाही म्हणायचे, फार तुसडेपणाने. शेवटी मला इतका राग आला की मी त्यांना दोन दिवस नमस्कारच केला नाही. ते बिचारे मला येऊन विचारायला लागले, की बरं नाही का. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की या माणसाला मी काही विचारलेलंच नाही.

मामा, रागावू नकोस. तू बाईंना खरंच विचारलंयस ना?

घुमी


२९ ऑगस्ट

कु. घुमी हिला, स. न. वि. वि.

आठ वर्षं ज्यांच्याबरोबर जेवतो त्या बाई कशा बोलतात, हे मला जास्त ठाऊक की तुला? गंभीर प्रसंगी माणूस गंभीर बोलतो. जिना आणि काउंटर अगदी लागून आहेत, लिहिताना इकडचं तिकडे होऊ शकतं. तू दिवसभर नकाशांत बोट घालून बसतेस, म्हणून तुला सगळीकडे रस्ते चुकलेले दिसतात. या विषयावर आणखी पत्रव्यवहार नको.

कळावे,
मामा


३० ऑगस्ट

प्रिय घुमे,

कालचं पत्र फाडून टाक. जमल्यास न वाचता.

नाही विचारलं गं.

काल पत्र टाकून आलो आणि मोठ्या ऐटीत कामाला बसलो. तुला खोटं पाडायचं म्हणून तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून आठवायला घेतला. फुलदाणी दिसली, पाणी दिसलं, त्यांचा चेहरा दिसला. मग ‘कवळीसुद्धा पहिल्या दिवशी बसत नाही’ इथे आलो आणि हातातला मेण कोरायचा चाकू खाली ठेवला. अगं, ते मी ‘ताबडतोब’ म्हणालो होतो! मला आयुष्यात कधी ताबडतोब काही सुचलं आहे का? शाळेतल्या त्या पोराला उत्तर द्यायला मला चाळीस वर्षं लागली. इतकं चांगलं उत्तर मला जागच्या जागी सुचलं, याचा अर्थ ती जागाच खरी नव्हती. मग दवाखान्यात फुलदाणी आहे का ते बघायला खाली गेलो. नाही. काउंटरवर दातांचं मोठं प्लास्टिकचं मॉडेल आहे. फुलदाणी माझ्या घरची.

असा मी. तीन महिने तालीम केली, प्रयोग झाला असं समजलो, आणि टाळ्या वाजल्या नाहीत म्हणून प्रेक्षकांवर रुसलो.

आणि हा नुसता विनोद असता तर बरं होतं. मी त्या बाईंशी दोन आठवडे धड बोललो नाही. त्या पायरीवर एकट्या जेवत होत्या. एकदा डबा हातात घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, “माझं काही चुकलं का हो?” आणि मी काय म्हणालो माहीत आहे? हे मात्र खरंच म्हणालो, पॉलिशवाला साक्षीला आहे. मी म्हणालो, “तुमचं तुम्हाला माहीत.”

लाज वाटते, घुमे. बाई दहा तारखेला जाणार, आणि जाताना हेच घेऊन जाणार, की आठ वर्षं बरोबर जेवलेला माणूस शेवटी कारण न सांगता तोंड फिरवून बसला. त्या गेल्या तर मी पायरीवर कोणाबरोबर बसू? हे मी त्यांना सांगायला पाहिजे. आता पुन्हा विचारायचं. पुन्हा म्हणजे पहिल्यांदा. त्या नाही म्हणाल्या तर काय बोलायचं, ते आधी पक्कं करून ठेवतो. पायरीवरून पडायचं तर निदान नीट पडावं.

तुझा,
मूर्ख मामा


३ सप्टेंबर

प्रिय मूर्ख मामा,

तयारी करू नकोस असं मी तुला सांगणार नाही. मी हे पत्रही दोनदा लिहिलं आहे. पण आज तीन तारीख आहे आणि तुला एका वाक्याला तीन महिने लागतात. अर्धवट पाठ झालं तरी जा. अडखळलास तर अडखळ. ‘तुमचं तुम्हाला माहीत’पेक्षा वाईट तर तू काही बोलू शकणार नाहीस.

एक बातमी. मी आईला सांगितलं. माझ्या चारही प्रती वाया गेल्या, कारण ती रडलीच नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढंच ना? अगं, हे तर सगळेच करतात.” मग म्हणाली, मी काहीतरी सांगणार असा तिला महिनाभर संशय होता, आणि नोकरी गेली, लग्न ठरलं, आजार झाला, अशा तिन्हींवर तिने उत्तरं तयार करून ठेवली होती. याच्यावर नव्हतं. मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही, आणि मला ते फार आवडलं. तिला म्हटलं, तुझ्या भावाशी एकदा बोल. ती म्हणाली, “बोलायचंय गं, काय बोलायचं ते ठरवतेय.”

जा मामा.

घुमी


९ सप्टेंबर

प्रिय घुमे,

काल बाईंचा कामाचा शेवटचा दिवस. विचारलं. या वेळी खरंच विचारलं, दुपारी, जिन्यात. त्या ठशांचा शेवटचा ट्रे घेऊन वर येत होत्या, मी खाली चाललो होतो. वाक्य अर्धंच आलं. “बाई, आपण आठ वर्षं एका पायरीवर… तर उरलेलं… टेबल…” एवढं म्हणून मी थांबलो. लग्नाचा ‘ल’सुद्धा आला नाही. पण त्यांना कळलं. त्यांनी ट्रे कठड्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “हो.”

मी ऐकलं. नीट ऐकलं, बहिरा नाही मी. आणि मी म्हणालो, “काही हरकत नाही, बाई. मला मुळीच वाईट वाटलेलं नाही. आपली मैत्री पूर्वीसारखीच राहील. तुमचा प्रवास सुखाचा होवो.”

आणि मान लववली, घुमे. मान लववून, ट्रे उचलून, वर निघून आलो.

आठवडाभर ‘नाही’ला द्यायचं तेच एक भाषण घोटलं होतं, दुसरं तोंडात तयारच नव्हतं. ‘हो’ची तयारी मी केलीच नव्हती. ती लागेल असं वाटलंच नाही कधी.

वर येऊन मेण गरम करायला ठेवलं आणि सवयीने उजळणी सुरू झाली. पहिल्या फेरीत मी स्वतःवर खूश होतो. काय तो संयम, काय ती अदब! दुसऱ्या फेरीत स्वतःचं सोडून बाईंच्या वाक्यापाशी आलो. वाक्य कसलं, एक अक्षर. मी मोठ्याने ‘अरे देवा’ म्हणालो असणार, कारण पॉलिशवाल्याने मशीन बंद करून पुन्हा पाणी आणलं.

धावत खाली गेलो. काउंटर रिकामा. डॉक्टर म्हणाले, “लवकर गेल्या. रडत होत्या बहुतेक. तुम्ही काही बोललात का?” आता याचं काय उत्तर द्यायचं? मी बोललो होतो, आणि अतिशय शुद्ध बोललो होतो.

तसाच निघालो. अंगावर प्लास्टरने माखलेला ॲप्रन, हातात कोणाची तरी वरची कवळी. बस समोर आली, पण तिकीट मागताना काय म्हणायचं ते ठरवेपर्यंत ती सुटली, म्हणून चालत गेलो. सबंध रस्ता मी काहीतरी बसवायचा प्रयत्न करत होतो आणि काहीही बसत नव्हतं. ‘मघाशी मी जे बोललो ते दुसऱ्या उत्तराचं उत्तर होतं’ असं एक वाक्य जमलं होतं, ते चौथ्या वळणावर विसरलो. जिने चढलो, बेल वाजवली, दार अर्धवट उघडलं. आत दोरीने बांधलेली खोकी दिसत होती. बाईंचे डोळे लाल होते.

“आता काय?” त्या म्हणाल्या.

हा प्रश्न माझ्या कुठल्याही तालमीत कधी आला नव्हता. मी म्हणालो, “मी काहीही तयार करून आलेलो नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ॲप्रनकडे बघितलं, कवळीकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग दार पूर्ण उघडून म्हणाल्या, “मग आत या.”

खोक्यांवर बसून आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो. मी तुझ्याबद्दल सांगितलं, माझ्याबद्दल सांगितलं, त्यांच्यावर का रुसलो होतो तेही सांगितलं. ते ऐकून त्या इतक्या हसल्या की शेजारची बाई काय झालं विचारायला आली. तुझ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता पाठव. मी जाईन म्हणतो. बाई बरोबर येणार आहेत.

घरी आल्यावर हातपाय धुऊन नेहमीसारखा खुर्चीत बसलो, झालेलं सगळं पहिल्यापासून तपासायला. कुठे जास्त बोललो, कुठे कमी, कुठे हसायला नको होतं. आणि घुमे, काही आठवेचना! इतके तास बोललो आणि त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं हाताला लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. मी बोलत होतो आणि त्या वेळी बघायला दुसरं कोणी माझ्या डोक्यात नव्हतंच.

त्यांचं जाणं रद्द झालं, एवढं नक्की, कारण बहिणीला फोन त्यांनी माझ्यासमोर केला आणि बहीण चिडलेली मला खोक्यावर बसून ऐकू येत होती. पण त्या माझ्याकडे राहायला येणार असं ठरलं, की मी त्यांच्याकडे जायचं, हे काही केल्या आठवत नाही. उद्या त्यांनाच विचारतो. कसं विचारायचं, ते तिथे गेल्यावर बघू.

तुझा,
मामा